पाण्याची पकड

वेंगुर्ल्याजवळ माझे आजोळ आहे. मे महिना सरत आला, वारा फिरला आणि समुद्राचा रंग मातकट होऊ लागला, की तिथे होड्या वर ओढण्याचे काम निघत असे. वाळूवर आडवे टाकलेले ओंडके, होडीच्या दोन्ही अंगांना दहा-बारा माणसे आणि एकाच्या हाकेसरशी सगळ्यांनी मिळून लावलेला जोर, हे दृश्य मी लहानपणी दरवर्षी पाहिले. त्यातल्या दोन गोष्टी मनात पक्क्या बसल्या आहेत. एक म्हणजे मामा सांगत असत की होडी आठ महिने पाणी पीत असते आणि ते प्यालेले पाणीही आपल्यालाच ओढावे लागते. दुसरी गोष्ट अशी, की ओल्या वाळूत रुतलेली होडी नुसत्या जोराला दाद देत नसे. कोणीतरी नाळेशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, जाऊन तिला थोडी डोलवी, तळाखाली हवा शिरल्याचा ‘चप्’ असा आवाज होई आणि मग ती एकदम सुटे. त्या आवाजाची आम्ही मुले वाट पाहत असू.

पुढे अनेक वर्षांनी, दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळातल्या उडत्या नौकांविषयी वाचू लागले, तेव्हा हा आवाज मला पुन्हा ऐकू आला. तेव्हापासून हा विषय मला सोडत नाही. विशेषतः त्या काळच्या गडगंज श्रीमंतांनी स्वतःसाठी बांधून किंवा सजवून घेतलेल्या नौकांचा, ज्यांच्या पोटात पलंग होते, स्वयंपाकघर होते आणि एकीत तर स्नानगृहही होते.

ज्या विमानाच्या पायांना होडग्यांसारखे दोन तरंडे जोडलेले असतात, ते जलविमान. उडत्या नौकेचे तसे नसते. तिचे पोट हीच नौका असते. ते पाण्यात बसते, लाटा झेलते, आणि वरचे पंख व इंजिने त्या नौकेला हवेत उचलतात. पंखांच्या टोकांशी तोल सांभाळण्यासाठी छोटे तरंडे असतात, अगदी आपल्याकडच्या होडीची उलांडी असते तसे. १९२० च्या सुमारास जगात धावपट्ट्या मोजक्याच होत्या, आणि होत्या त्यातल्या बऱ्याच म्हणजे गवताची माळराने होती. पाणी मात्र सगळीकडे होते. बंदरे, तळी, नद्या, खाड्या हे सगळे आयते विमानतळ होते. ज्यांची घरे मुळातच पाण्याकाठी होती आणि ज्यांच्या दारात आधीपासून शिडाच्या किंवा वाफेच्या खासगी नौका उभ्या होत्या, त्यांना या यंत्राची भूल पडली यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

अमेरिकेत ग्रोव्हर लोनिंग यांनी १९२१ मध्ये ‘एअर यॉट’ नावाचे पाच आसनांचे विमान तयार केले. चारशे अश्वशक्तीचे एक लिबर्टी इंजिन मागच्या बाजूने पंखा फिरवून त्याला ढकलत असे. विमानविद्येसाठी दिला जाणारा त्या वर्षीचा कॉलियर पुरस्कार लोनिंग यांना याच कामासाठी मिळाला. व्हिन्सेंट ॲस्टर आणि हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांच्यासारखी माणसे त्यांचे ग्राहक झाली. हडसनकाठच्या किंवा लाँग आयलंडवरच्या वाड्यातून निघून न्यूयॉर्कच्या नदीत उतरायचे, एवढाच त्यांचा प्रवास. पण आगगाडी आणि मोटार या दोघींनाही मागे टाकणारा तो प्रवास त्या काळी केवढा वाटला असेल, याची कल्पना आज करता येते.

मला मात्र या सगळ्यांत आर्थर अर्नेस्ट गिनेस यांची कथा अधिक जवळची वाटते. डब्लिनच्या प्रसिद्ध मद्य कारखान्याच्या घराण्यातले हे गृहस्थ मनाने दर्यावर्दी होते. १८९६ मध्ये फ्रान्समधील नांत येथे बांधलेले ‘बेलेम’ हे तीन डोलकाठ्यांचे मालवाहू गलबत त्यांनी १९२१ मध्ये विकत घेतले, त्याचे नाव ‘फँटोम दोन’ असे ठेवले आणि १९२३-२४ मध्ये आपल्या मुलींना घेऊन त्यातून जगप्रदक्षिणा केली. पाण्यावर इतके प्रेम करणाऱ्या माणसाला विमान घ्यावेसे वाटले, तर ते पाण्यावर उतरणारेच असणार. योगायोगाने साउदॅम्पटनच्या सुपरमरीन कंपनीकडे तसे एक विमान पडून होते. डेन्मार्कच्या नौदलासाठी तीन इंजिनांची ‘नॅनोक’ नावाची नौका बांधली होती, पण डॅनिश नौदलाने ती नाकारली. कंपनीने तिचे पोट प्रवाशांसाठी सजवले, ‘सोलेंट’ असे नवे नाव दिले आणि १९२८ मध्ये ती गिनेस यांच्या हाती आली. साउदॅम्पटनच्या खाडीतून उडायचे, डब्लिनजवळच्या डन लेअरी बंदरात उतरायचे आणि तिथून आयर्लंडच्या पश्चिमेकडील लॉक कॉरिब या विशाल सरोवरावर जायचे, असा त्यांचा परिपाठ होता. त्या सरोवराच्या काठी काँग येथे त्यांच्या घराण्याचा ॲशफर्ड वाडा होता. दोन समुद्र, एक बंदर आणि एक तळे, आणि सगळीकडे एकाच नौकेने. घराच्या पायऱ्यांशी पाणी असलेल्या माणसाला यापेक्षा सुंदर सोय कोणती मिळणार?

या सोयीवर ते इतके खूश झाले, की त्यांनी आणखी मोठी आणि नवी नौका बांधायला सांगितली. तीच सुपरमरीनची ‘एअर यॉट’. फेब्रुवारी १९३० मध्ये तिने पहिले उड्डाण केले. पोट संपूर्ण धातूचे, त्याच्यावर उंच धरलेला सुमारे अठ्ठावीस मीटरचा एकच पंख, त्या पंखावर ओळीने तीन जॅग्वार इंजिने, आणि तोल सांभाळण्यासाठी पोटाच्या दोन्ही बाजूंना पाण्यालगत बसवलेले जाडसर आडवे पंखुटे. आत मालकाचा स्वतंत्र कक्ष होता. त्यात पलंग, स्नानगृह आणि शौचालय होते, शिवाय पाहुण्यांसाठी बैठक आणि स्वयंपाकघरही होते.

तिच्या आराखड्यामागचे मुख्य नाव होते आर. जे. मिचेल. साउदॅम्पटनमधल्या ज्या वूलस्टनच्या कारखान्यात ही तरंगती हवेली आकार घेत होती, तिथेच त्याच काळात मिचेल आणि त्यांचे सहकारी जगातली सर्वांत वेगवान जलविमाने बांधत होते. १९२९ ची श्नायडर करंडक ही जलविमानांची शर्यत त्यांच्या एस-सहा विमानाने ताशी ३२८ मैलांहून अधिक सरासरी वेगाने जिंकली. १९३१ मध्ये सरकारने हात आखडता घेतला, तेव्हा लेडी ह्यूस्टन या धनाढ्य बाईंनी एक लाख पौंड पदरचे दिले आणि त्या पैशातून उभ्या राहिलेल्या एस-सहा-बी या विमानाने करंडक कायमचा ब्रिटनकडे ठेवला. पुढे १९३६ मध्ये उडालेले स्पिटफायर हे लढाऊ विमान याच मिचेल यांचे. दोन श्रीमंतांचा पैसा एकाच कारखान्यात आला. एकाचा आरामासाठी आला, दुसरीचा वेगासाठी. आकाश, पाणी आणि कारागीर दोघांना सारखेच मिळाले, तरी निकाल इतके वेगळे का लागले, या प्रश्नाने मला बरेच दिवस धरून ठेवले.

काही वर्षांपूर्वी साउदॅम्पटनला जाण्याची संधी मिळाली. तिथल्या सोलेंट स्काय संग्रहालयात १९२९ च्या त्या शर्यतीतले एक विमान आजही उभे आहे. मी त्याच्या शेजारी उभी राहिले, तेव्हा पहिली जाणीव झाली ती त्याच्या अंगात रिकामी जागाच नाही याची. वैमानिकाला बसायला जेमतेम खोबण, बाकी सगळे इंजिन आणि इंधन. त्याच दालनात युद्धानंतरची एक भली मोठी प्रवासी उडती नौका आहे आणि तिच्या पोटात शिरता येते. मान वाकवून दारातून आत गेले, आसनांच्या रांगांमधून चालले, छोट्या जिन्याने वरच्या मजल्यावर डोकावले, आणि बाहेर येऊन तळाकडून तिच्याकडे पाहिले. पोटाच्या साधारण मध्यावर तळाला एक पायरी पाडलेली होती. पुढून गुळगुळीत, खोल आणि निमुळता आलेला तळ तिथे एकदम तुटतो आणि हातभर वर जाऊन पुन्हा मागे सुरू होतो. त्या कडेवरून मी बोटे फिरवली. उडत्या नौकेचे सारे गुपित त्या कडेत आहे.

पाणी नौकेला धरून ठेवते. नौका वेगाने धावू लागली, की तळाला चिकटून वाहणारे पाणी तिला खाली ओढते, आणि ओल्या वाळूतल्या होडीसारखी ती सुटता सुटत नाही. ती पायरी नसती, तर पाणी तळाला शेवटपर्यंत बिलगून राहिले असते. पायरीच्या कडेशी मात्र पाण्याचा प्रवाह तुटतो, मागच्या भागाखाली हवा शिरते आणि नौका फक्त त्या कडेवर घसरत धावू लागते. त्याआधी एक अवघड टप्पा असतो. नाळ वर उचललेली, फवारे पंखांपर्यंत उडत असलेले, इंजिने पूर्ण जोरात, आणि तरीही वेग वाढायला तयार नाही, अशी ती अवस्था. तो चढ ओलांडण्याइतकी ताकद शिल्लक असेल तर नौका उडते, नसेल तर मैलोन्‌मैल पाणी कापत राहते. विशेष म्हणजे शांत, आरशासारखे पाणी या बाबतीत सर्वांत वाईट. हलका वारा आणि बारीक लाटा असतील तर तळाखाली हवा सहज शिरते. म्हणून निवांत दिवशी वैमानिक आधी नौका गोल फिरवून पाणी ढवळून घेत आणि आपणच केलेल्या लाटांवरून उड्डाण करत. हे वाचले तेव्हा मला नाळेशी उभे राहून होडी डोलवणारे हात आठवले.

आणि मामांचे ते प्यालेले पाणीही आठवले. सुपरमरीनची ‘साउदॅम्पटन’ ही लष्करी उडती नौका आधी लाकडी पोटाची होती. तिचे लाकूड सुमारे चारशे पौंड, म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी किलो पाणी शोषून घेई. ड्युरॅल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पोट आले, तेव्हा हे पाणी आणि लाकडाचे जादा वजन मिळून सुमारे नऊशे पौंड वाचले. इतक्या कष्टाने वाचवलेले वजन पुढे कुठे गेले, ते ‘एअर यॉट’कडे पाहिले की कळते. ते गालिचे, पलंग, कपाटे आणि नळ यांत गेले. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि ते आंघोळीचे आहे म्हणून हलके होत नाही. जे पाणी तळाबाहेर ठेवण्यासाठी अभियंत्यांनी धातूचे पोट घडवले, तेच पाणी टाकीत भरून आत घेतले गेले, असे मला वाटते.

‘एअर यॉट’ला इंजिने कमी पडली. जॅग्वार काढून अधिक ताकदीची पँथर बसवली, तरी ती मालकाच्या मनासारखी उतरली नाही. गिनेस यांनी ती घेतली नाही आणि तिच्याऐवजी सॉन्डर्स-रो कंपनीचे ‘क्लाउड’ हे लहान, दोन इंजिनांचे, पाण्यावर आणि जमिनीवरही उतरणारे विमान पसंत केले. ‘एअर यॉट’ बराच काळ पडून राहिली. १९३२ मध्ये एका श्रीमंत अमेरिकन बाईंनी ती विकत घेऊन तिला ‘विंडवर्ड तीन’ हे नाव दिले आणि भूमध्य समुद्राकडे नेली. १९३३ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यावर अपघात होऊन तिचा शेवट झाला. अशी एकच नौका बांधली गेली आणि तिचे आयुष्य तीन वर्षांचेही भरले नाही. गिनेस यांचे शिडाचे गलबत मात्र अजून तरंगते आहे. त्याला त्याचे जुने ‘बेलेम’ हे नाव परत मिळाले आणि मे २०२४ मध्ये ऑलिंपिकची ज्योत ग्रीसहून मार्सेला त्यानेच आणली. त्या सोहळ्याची चित्रे पाहताना माझ्या मनात सारखे त्याच्या हरवलेल्या धाकट्या बहिणीचेच विचार येत होते.

अमेरिकेतल्या धनिकांना सिकोर्स्की यांच्या एस-३८ ची ओढ लागली. १९२८ मध्ये उडालेले हे विमान दिसायला विचित्र होते, पण दोन इंजिनांच्या जोरावर ते पाण्यातून पटकन सुटे आणि चाके खाली सोडून मैदानातही उतरे. अशी शंभराहून थोडी अधिक विमाने बांधली गेली. ‘शिकागो ट्रिब्यून’ने बर्लिनकडे पाठवलेले एक एस-३८ विमान १९२९ मध्ये हडसन सामुद्रधुनीच्या तोंडाशी बर्फात सापडून बुडाले. मार्टिन आणि ओसा जॉन्सन या दांपत्याने आपले विमान झेब्र्याच्या पट्ट्यांनी रंगवून आफ्रिकेत नेले. लाकडाला लावायचे मेण बनवणाऱ्या एका अमेरिकन कारखान्याचे मालक हर्बर्ट जॉन्सन १९३५ मध्ये याच जातीच्या विमानातून कार्नाउबा नावाच्या ताडाच्या शोधात ब्राझीलला गेले. त्या ताडाच्या पानांवरचे मेण हाच त्यांच्या धंद्याचा कणा होता.

पुढे १९३६ मध्ये लाँग आयलंडच्या काही श्रीमंतांनी एकत्र येऊन लिरॉय ग्रमन यांच्याकडे विमानाची मागणी केली. ग्रमन हे लोनिंग यांच्याच हाताखाली तयार झालेले. वाड्याच्या धक्क्यावरून निघून वॉल स्ट्रीटच्या पायथ्याशी ईस्ट नदीत उतरायचे आणि कचेरी गाठायची, एवढी या ग्राहकांची गरज होती. २९ मे १९३७ रोजी ‘गूस’ उडाले. साडेचारशे अश्वशक्तीची दोन इंजिने, पोटाच्या कडेला घडी होऊन बसणारी आणि हाताने दांडा फिरवून वर-खाली करायची चाके, आत मोजकीच आसने. स्नानगृहाचा विचार इथे कोणी केला नाही. वजनाचा हिशेब यातल्या अभियंत्यांना आणि ग्राहकांना दोघांनाही समजला होता, असे मला त्याच्याकडे पाहून वाटते. एकूण ३४५ गूस विमाने बांधली गेली, ती युद्धात कामी आली आणि नंतर अलास्कासारख्या रस्ते नसलेल्या मुलखात कित्येक वर्षे राबली.

याच सुमारास आपल्याकडचे पाणीही या कामी आले. इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीच्या मोठ्या उडत्या नौका १९३८ पासून कराचीहून कलकत्त्याकडे जाताना राजसमंद तलावावर आणि शिंद्यांच्या ग्वाल्हेरच्या माधोसागरावर उतरत. ती खासगी सोय नव्हती, टपाल आणि प्रवाशांची सेवा होती. पण पाणी हीच धावपट्टी, हे तत्त्व तेच होते.

या सगळ्या खासगी नौकांमध्ये मी जिच्याविषयी सर्वांत जास्त वाचले, ती रिचर्ड आर्चबोल्ड यांची. त्यांचे आजोबा स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या प्रमुखांपैकी एक. नातवाने तो पैसा न्यू गिनीतले पक्षी, सस्तन प्राणी आणि वनस्पती गोळा करणाऱ्या मोहिमांवर खर्च केला. १९३६ च्या मोहिमेत त्यांच्याकडे एक लहान उडती नौका होती. पोर्ट मोर्सबीच्या बंदरात ती नांगरलेली असताना अचानक उठलेल्या वादळाने ती बुडवली आणि डोंगरात असलेल्या मंडळींना तराफ्यांवरून नदीने परत यावे लागले. त्या किनाऱ्यावरच्या मोटू भाषेत अशा अवचित येणाऱ्या वादळाला ‘गुबा’ म्हणतात. आर्चबोल्ड यांनी पुढची नौका घेतली, तेव्हा तिचे नाव ‘गुबा’ ठेवले. समुद्रकाठची माणसे जिची भीती वाटते तिचे नाव अशाच आदराने घेतात, हे मी आजोळी पाहिले आहे, म्हणून हे नाव मला परके वाटत नाही.

ही पहिली ‘गुबा’ म्हणजे अमेरिकन नौदलासाठी बनणाऱ्या कॅटालिना नौकेचे मुलकी रूप. ती फार दिवस त्यांच्याकडे राहिली नाही. १९३७ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत वैमानिक लेव्हानेव्स्की उत्तर ध्रुवाकडे बेपत्ता झाले, तेव्हा त्यांच्या शोधासाठी ती सोव्हिएत सरकारला विकण्यात आली. आर्चबोल्ड यांनी तशीच दुसरी घेतली आणि नावही तेच ठेवले. जून १९३८ मध्ये ती प्रशांत महासागर ओलांडून डच न्यू गिनीतल्या हॉलंडिया बंदरात पोहोचली. २३ जून रोजी डोंगररांगांवरून पाहणी करताना तिच्या खिडकीतून एक अफाट दरी दिसली. तिथे आखीव-रेखीव बागा होत्या, पाण्याचे पाट होते, कुंपणे होती आणि झोपड्यांतून धूर निघत होता. बाहेरच्या जगाने याला बालिएम दरीचा शोध म्हटले. तिथे राहणाऱ्या दानी लोकांना ती कधीच हरवलेली नव्हती. मोहिमेबरोबरच्या डच सैनिकांच्या गोळीने त्या ऑगस्टमध्ये एका दानी माणसाचा जीव गेला आणि अहवालात तो झाकून ठेवला गेला, हेही या नौकेच्या कथेत सांगितले पाहिजे. मला ती कथा त्याच्याशिवाय सांगता येत नाही.

मोहिमेत दोनशेच्या आसपास माणसे होती आणि त्यांचे अन्न व सामान दऱ्याखोऱ्यांतून वर नेणे हमालांच्या ताकदीबाहेरचे होते. त्यासाठी ‘गुबा’ हबेमा नावाच्या तळ्यावर उतरू लागली. हे तळे समुद्रसपाटीपासून तीन हजार दोनशे मीटरहून उंच आहे. त्या विरळ हवेत इंजिनांचा जोर घटतो, पंखांना उचलही कमी मिळते, आणि पाण्याची पकड मात्र खाली बंदरात असते तेवढीच राहते. तांदळाची पोती घेऊन उतरायचे, ती काठावर रिकामी करायची आणि हलके होऊन पुन्हा उडायचे, असा तो क्रम. ‘एअर यॉट’ या तरंगत्या हवेलीला जे जमले नाही, ते ही नौका आभाळाला टेकलेल्या या तळ्यातून करत होती. तिच्या पोटातही निजायला जागा आणि स्वयंपाकाची सोय होती. पण वजनातला मोठा वाटा भुकेल्या माणसांच्या अन्नाचा होता. त्या काळातली सर्वांत मोठी चैन मला हीच वाटते.

१९३९ मध्ये परतताना ऑस्ट्रेलियन मार्गदर्शक पी. जी. टेलर यांना बरोबर घेऊन ती ऑस्ट्रेलियाहून कोकोस बेटे आणि दिएगो गार्सिया करत हिंदी महासागर ओलांडून मोम्बासाला गेली, तिथून आफ्रिका आणि अटलांटिक पार करून घरी पोहोचली. विषुववृत्ताच्या आसपासच्या, पृथ्वीच्या सर्वांत रुंद वाटेने विमानाची प्रदक्षिणा प्रथमच पूर्ण झाली होती. दोन महिन्यांतच युद्ध सुरू झाले. सोव्हिएत संघाला विकलेली पहिली ‘गुबा’ १९४२ मध्ये नोवाया झेम्ल्याच्या किनाऱ्यावर जर्मन पाणबुडीच्या माऱ्यात नष्ट झाली. दुसरी ब्रिटनला दिली गेली, तिने टपाल आणि माणसे वाहिली. १९४४ मध्ये ती वेल्सच्या किनाऱ्यालगत नांगरावर उभी होती. वादळ उठले आणि त्याने तिला बुडवले.